धार ते सिंगापूर, मार्गे लोहारदा

जिजींसमोर कुणी सांगितलं, की आमच्या अमक्याला परदेशात नोकरी लागली, तर त्या पगार विचारत नसत, हुद्दा विचारत नसत, तिकडे थंडी फार असते का हेही विचारत नसत. चहाची बशी खाली ठेवून एवढंच विचारत, "विमानात किती तास?" समोरचा गडबडून जाई. म्हणे, असेल चार-पाच हजार किलोमीटर. जिजी मान हलवीत.

"किलोमीटर हे ट्रकवाल्यांचं माप झालं. तास सांग. माणूस तासांनी थकतो."

त्यांचं नाव मालती फणसे. देवासला टेकडीच्या बाजूच्या आमच्या गल्लीत, माझ्या शेजारच्या घरात त्या एकट्या राहत. लग्न केलेलं नव्हतं. उंचीनं बेताच्या, आवाजानं भरपूर. अंगावर सुती पाचवारी, आणि पायात पुरुषी सँडल. बायकांच्या चपला बनवणाऱ्याने आयुष्यात कधी बसची पायरी चढलेली नसते, असं त्यांचं म्हणणं होतं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीवर काढली आणि निवृत्त झाल्या त्याच महिन्यापासून मराठी घरांतली लग्नं जमवायला लागल्या. कारण विचारलं तर सांगत, "जन्म आणि मृत्यू माझ्याकडे होतेच. मधलं तेवढं दुसऱ्यांच्या हातात होतं. म्हटलं, तेही बघू."

काम सोपं नव्हतं. माळव्यातली आमची मराठी घरं म्हणजे इथे दोन, तिथे चार. देवासचं धारला ठाऊक, धारचं ग्वाल्हेरला ठाऊक, आणि सगळीच कुठून ना कुठून एकमेकांची नातेवाईक. त्यात नवी मुलं घरात मराठी बोलतात, पण लिहिलेली मराठी समोर आली की अडखळतात. जिजी प्रत्येक मुलाला एक जुनी लग्नपत्रिका हातात देऊन मोठ्यानं वाचायला लावत. एका इंजिनियर मुलाने 'चि. सौ. कां.' चा अर्थ चिंचवड सौर कंपनी असा लावला होता. जिजींनी त्याला नाकारलं नाही. मुलीच्या वडिलांना म्हणाल्या, मुलगा चांगला आहे, तेवढी सहा महिने शिकवणी लावा.

त्यांची स्वतःची भाषा दोन पायांवर उभी होती. मैत्रिणीच्या नणंदेचा उल्लेख 'वन्सं' असा जुन्या आदबीनं करणार, आणि तेच वाक्य न संपवता दारातल्या भाजीवाल्याला "अरे भिया, कल की मेथी आज कायको टिका रिया है" असं सुनावणार. दोन्हीकडे आवाज तोच.

संध्याकाळी आम्ही गच्चीवर कपडे काढायला जायचो, तेव्हा इंदूरला उतरणारी विमानं वरून जायची. जिजी डोळ्यांवर हात धरून सांगत, हे हैदराबादचं, हे दिल्लीचं, हे जरा उशिरा आलेलं पुण्याचं. कुणी तपासून बघत नसल्यामुळे त्या नेहमीच बरोबर असत. स्वतः मात्र त्या विमानात कधीही बसलेल्या नव्हत्या.

लांबच्या स्थळाला आईवडील बिचकले की त्या आपल्या आजीची गोष्ट सांगत. देवासात तेव्हा दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. हद्द भर गावातून जायची. जिजींची आजी थोरल्या पातीतून धाकट्या पातीत दिली. मधे एक रस्ता होता. "आणि तरी तिची आई रडली," जिजी म्हणत. "परराज्यात दिली म्हणून. आता बोला, लांब म्हणजे किती?"

ह्या गोष्टीनं बरीच लग्नं जुळली. धारच्या घारपुऱ्यांकडे मात्र ती चालली नाही.

धार माझं माहेर. तिथला अविनाश घारपुरे हा माझा चुलतभाऊ, वकील. त्याची बायको उषावहिनी आणि एकुलती मुलगी मृदुला. मृदुलासाठी जिजींनी स्थळ आणलं ते निखिलचं. मुलगा मूळचा देवासचा, सिंगापूरला नोकरीत, सरळ आणि बोलका. पत्रिकासुद्धा त्याने न अडखळता वाचली. दोघं एकमेकांशी फोनवर बोलत होती आणि मृदुलाचा चेहरा काय सांगायचं ते सांगत होता. पण उषावहिनी ऐकायला तयार नव्हत्या. मुलगी इंदूरला द्या, उज्जैनला द्या, फार तर पुण्याला. समुद्रापलीकडे नाही.

जिजी आणि मी त्यांच्याकडे गेलो. अविनाशदादाने मोबाईल काढला आणि वकिली आवाजात वाचलं, मुंबई ते सिंगापूर, सुमारे एकोणचाळीसशे किलोमीटर. उषावहिनींनी डोळ्यांना पदर लावला. जिजींनी त्याच्याकडे असं बघितलं, की जणू त्याने जेवणाच्या पानावर बूट ठेवला.

"वकीलसाहेब, साडेपाच तास," त्या म्हणाल्या. "मुंबईत बसायचं, साडेपाच तासांनी सिंगापुरात उतरायचं."

दादाने हरकत घेतली, की धारहून मुंबईला जायचे तास कुठे गेले, विमानतळावर ताटकळायचे कुठे गेले. जिजींचं उत्तर तयार होतं. तास दोन प्रकारचे, बसण्याचे आणि अडकण्याचे. अडकण्याचे तास सरकारच्या खात्यावर टाकायचे, आपण फक्त बसण्याचे मोजायचे. दादा कोर्टात बरेच युक्तिवाद ऐकून होता, पण हा त्याला नवा होता.

उषावहिनी म्हणाल्या, साडेपाच काय आणि पन्नास काय, लांब ते लांबच. जिजींनी बशीतला उरलेला चहा संपवला. मग म्हणाल्या, "उषा, उद्या सकाळी तयार राहा. तुला सिंगापूरला घेऊन जाते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी धारच्या बसस्टँडवर उभ्या होतो. जिजींनी ठरवलं होतं ते असं. धारहून इंदूर, आणि इंदूरहून देवास जिल्ह्यातलं लोहारदा. तिथे त्यांची मावसबहीण राहायची. बसमधले तास बरोबर साडेपाच भरतात, असा त्यांचा हिशेब. एकदा बसून बघ, म्हणाल्या, दमलीस तर मी स्थळ परत नेते.

इंदूरला गाडी बदलताना आम्ही बराच वेळ उन्हात उभ्या राहिलो, पण तो अडकण्याचा तास म्हणून जिजींनी धरला नाही. लोहारद्याची गाडी सुटली तशी त्यांच्या अंगात हवाईसुंदरी आली. पिशवीतून पोह्यांचा डबा काढला, वर शेव घातली, आम्हाला दिलं, मागच्या सीटवरच्या अनोळखी जोडप्यालाही दिलं. डबलचौकी गेली तेव्हा जाहीर केलं, की आता जमीन संपली, खाली बंगालचा उपसागर. बसला असे धक्के बसत होते, की उपसागर बराच खवळलेला असावा. उषावहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. एवढी सगळी तयारी करून जिजी पोहे खाल्ल्यावर गाढ झोपी गेल्या. डोकं माझ्या खांद्यावर, सँडल सीटखाली.

चापड्याला एक बाई चढली. साठीची असेल, हातात हरभऱ्याच्या भाजीची जुडी. उषावहिनींनी सरकून तिला जागा दिली. बाईनं विचारलं कुठे निघालात, आणि उषावहिनी, ज्या दोन दिवस घरातल्या कुणाशी धड बोलल्या नव्हत्या, त्यांनी त्या अनोळखी बाईला सगळं सांगितलं. मुलगी, सिंगापूर, समुद्र, सगळं. बाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हारी छोरी तो उदयनगर का जंगल में परणई है. दो बरस हुई ग्या, मूंडो नी देख्यो."

उदयनगर त्याच जिल्ह्यात आहे, आणि तिथे दिलेल्या लेकीचं तोंड तिने दोन वर्षांत बघितलं नव्हतं. उषावहिनींनी विचारलं, जात का नाही? बाई म्हणाली, घरच्या म्हशी कोण बघणार, नवरा आजारी, जायला एक दिवस लागतो नि यायला एक, रात्री राहायला जावयाला आवडत नाही. सांगताना तिचा सूर तक्रारीचा नव्हता. तिने हरभऱ्याची चार पानं तोडून उषावहिनींच्या हातावर ठेवली आणि विचारलं, तुमची मुलगी फोनवर दिसेल ना? उषावहिनी म्हणाल्या, दिसेल. बाई म्हणाली, मग चांगलं आहे. घाटाच्या अलीकडच्या फाट्यावर ती उतरून गेली.

पुढे कंडक्टर आला नि त्यानं मोठ्यानं विचारलं, माताजी, लोहारदा उतरना है? जिजी खडबडून जाग्या झाल्या. "सिंगापूर," त्या म्हणाल्या. कंडक्टरनं ड्रायव्हरला सांगितलं, "भिया, रोकना जरा, माताजी का सिंगापूर आ ग्या." त्याला काय कळलं होतं कोण जाणे.

उतरल्यावर जिजींनी उषावहिनींकडे अशा नजरेनं बघितलं, की जणू आपणच विमान उतरवलं. दमलीस का, विचारलं. उषावहिनी नाही म्हणाल्या. मग चालता चालता म्हणाल्या, पोरीला होकार कळवा.

जिजी शेवटपर्यंत समजत राहिल्या, की आपल्या साडेपाच तासांनी काम केलं. उषावहिनींनी त्यांचा समज कधी मोडला नाही. मीही नाही. नंतर त्या प्रत्येक घरी सांगत, घारपुऱ्यांची उषा बघा, लोहारद्याला नेली आणि हो म्हणाली. आणखी दोन कुटुंबांना त्यांनी लोहारद्याला नेलं. मावसबहिणीने अखेर विचारलं, की हल्ली दर महिन्याला जेवायला पाहुणे का येतात.

लग्न थाटात झालं. मृदुला गेली. आणि मग जे झालं, ते जिजींच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

उषावहिनींना सिंगापूर खरोखरच जवळ वाटायला लागलं. आधी त्या घर लावून द्यायला गेल्या. मग दिवाळसणाला जावई येऊ शकत नव्हता म्हणून त्याच गेल्या. मग मृदुलाला सर्दी झाली. फोनवर तिचा आवाज बसलेला ऐकू आला, एवढ्यावर त्या मेतकूट, सुंठ आणि तिखटाचे दोन डबे घेऊन थेट सिंगापूरला पोचल्या. तिथल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा त्यांनी बदलल्या. निखिल सकाळी दूध-पोळी खायचा, ती बंद करून उपमा सुरू केला. तो बिचारा स्वतःच्या घरात साखर शोधत फिरायचा.

एका रविवारी जिजींना त्याचा फोन आला. मी तिथेच होते. बोलणं फार अदबीचं होतं. आई फार प्रेमळ आहेत, त्यांच्या हाताला चव आहे, वगैरे झाल्यावर तो म्हणाला, "जिजी, सिंगापूर जवळ आहे असं तुम्ही आईंना सांगितलं होतं. ते जरा मागे घेता येईल का?"

मी हसले. जिजी हसल्या नाहीत. त्यांनी त्याला मृदुलाला फोन द्यायला सांगितलं. मृदुला म्हणाली, आईला दुखवू नका, पण निखिल आणि मी दोघांनी मिळून अजून एक आठवडासुद्धा घर चालवलेलं नाही. फोन ठेवून जिजी म्हणाल्या, लग्न जमवलंय तर ते चालतंय का हे बघायलाही मीच जाणार, दुसरं कोण. उद्या धारला चल.

धारला त्या दोघी ओसरीवर बसल्या. मी आणि दादा आतल्या खोलीत, पण सगळं ऐकू येत होतं. जिजी आडवळणानं बोलणाऱ्या नव्हत्या.

"उषा, सिंगापूर लांब आहे."

"तुम्हीच साडेपाच तास म्हणालात."

"ते विमानाचे. पोरीच्या स्वयंपाकघरात शिरायला जास्त लागले पाहिजेत."

 उषावहिनी ज्या आवाजात बोलल्या तो मी आधी कधी ऐकला नव्हता. "तुम्हाला लेक नाही, जिजी. तुम्हाला नाही कळायचं."

दादा माझ्याकडे बघायचं टाळून पंख्याकडे बघू लागला. ओसरीवर कपबशी ठेवल्याचा आवाज झाला. जिजी म्हणाल्या, खरंय, आणि सँडल घालायला उठल्या.

परतीच्या बसमध्ये त्यांनी एकाही गावाचं नाव घेतलं नाही, डबाही उघडला नाही. इंदूर मागे पडल्यावर आपण होऊन म्हणाल्या, "सुनंदा, माझं एक स्थळ आलं होतं, तुला सांगितलंय का?"

सांगितलेलं नव्हतं. स्थळ तंजावरचं होतं. तिकडेही आपल्यासारखीच जुनी मराठी घरं. मुलगा शिक्षक, त्याची आत्या देवासला दिलेली, तिने सुचवलेलं. जिजींच्या वडिलांना सगळं पसंत पडलं. मग त्यांनी रेल्वेचं वेळापत्रक मागवलं, चष्मा लावून एक अख्खी दुपार त्यात घातली आणि संध्याकाळी नाही म्हणून कळवलं. इतक्या गाड्या बदलायच्या, जायला तीन दिवस लागायचे. ते म्हणाले होते, मुलगी द्यायची आहे की टपालात टाकायची आहे.

"त्या मुलाचा चेहरा मी बघितलासुद्धा नाही," जिजी म्हणाल्या. "बाबांचं चुकलं असं म्हणत नाही मी. मी तिकडे आजारी पडले असते तर ते पोचले नसते. पण बघ ना, इतक्या वर्षांत मी एकदाही आजारी पडले नाही."

एवढं बोलून त्यांनी खिडकीला डोकं टेकलं. मला वाटलं रडतील. थोड्या वेळानं बघितलं तर झोपल्या होत्या.

त्यानंतर उषावहिनींनी सिंगापूरला जाणं बंद केलं. कमी नाही, बंद. फोनवर मृदुलाशी हवापाण्याचं बोलायच्या. काही महिन्यांनी मृदुलाला दिवस गेले. तिने आईला बोलावलं, आधी हसत, मग विनवून, मग रडून. उषावहिनी म्हणाल्या, जिजींनी सांगितलंय, लांब आहे. निखिलने स्वतः फोन केला, त्यालाही तेच उत्तर. दादाने कोर्टातली सगळी कौशल्यं वापरून बघितली. त्याला दोन दिवस जेवायला घारगे मिळाले, उत्तर मिळालं नाही.

निखिलचा पुन्हा जिजींना फोन आला. ह्या वेळी त्याला सिंगापूर जवळ आणून हवं होतं. जिजी फोन ठेवून माझ्यावरच करवादल्या. हे काय रबर आहे का, म्हणाल्या, ओढलं की लांब आणि सोडलं की जवळ.

पुढच्या आठवड्यात त्या मला घेऊन पासपोर्टच्या कार्यालयात गेल्या. चौऱ्याहत्तरावं वर्ष. फोटो काढणाऱ्या मुलीनं सांगितलं, हसायचं नाही, तर त्या म्हणाल्या, मला कुठे हौस आहे. पासपोर्ट हातात आल्यावर त्यांनी धारला फोन लावला. धारच्या त्या दिवसानंतरचा हा पहिला. समजूत घातली नाही, माफी मागितली नाही, मागायला लावलीही नाही. म्हणाल्या, "उषा, मला ते बाळ बघायचंय. पण विमानात बसायची मला भीती वाटते. तू नेशील का?"

आम्हाला सगळ्यांना वाटलं, काय युक्ती काढली. उषावहिनींनाही तसंच वाटलं असावं, कारण हो म्हणताना त्या जरा हसल्या, असं दादा सांगतो.

ती युक्ती नव्हती. मुंबईला विमानात बसल्यापासून जिजींनी उषावहिनींचा हात जो धरला, तो सोडला नाही. पट्टा एकदा बांधला, तो सिंगापूरपर्यंत तसाच. जेवण आलं, त्यांनी एका हातानं खाल्लं. समोरच्या पडद्यावर विमानाचं चित्र सरकत होतं, खाली किलोमीटर दिसत होते, त्याकडे टक लावून बसल्या. मधे उषावहिनींनी चिडवायला म्हणून सांगितलं, जिजी, खाली बंगालचा उपसागर. जिजी कुजबुजल्या, हळू बोल. हे मला उषावहिनींनी सांगितलं तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं, पण सांगून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. जिजींची बोटं तिथे उमटली होती म्हणे, दोन दिवस गेली नव्हती.

सिंगापूरच्या विमानतळावर निखिल आणि मृदुला उभे होते. मृदुलाचं पोट चांगलंच दिसत होतं. जिजींनी आशीर्वाद द्यायच्या आधी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग स्वतःचं बघितलं, आणि निखिलला विचारलं, की निघाल्यापासून आठ तास कसे झाले. त्याने समजावलं, इथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. बसलात साडेपाचच, दिसतात आठ. जिजींना हे अजिबात पटलं नाही. बसलेलीला विचारा, घड्याळाला काय विचारता, असं त्यांचं म्हणणं. मोटारीत बसेपर्यंत त्या धुमसत होत्या, आणि मायलेकी त्यांच्यामागे एकमेकींना धरून हसत येत होत्या. बोलणं सुरू व्हायला त्यांना दुसरं काही लागलं नाही.

तिथे जिजी महिनाभर राहिल्या. बाळंतपणाच्या आधीचे दिवस उषावहिनींचे हात शिवशिवत असत. मृदुला आणि निखिल ओट्याशी उभे राहिले, की त्या उठत. जिजी बाल्कनीतून हाक मारत, उषा, इथे बस. खाली बंदरातली जहाजं दिसत. उषावहिनी येऊन बसत. आतून काहीतरी करपल्याचा वास येई, त्या पुन्हा उठू लागत. जिजी म्हणत, करपू दे. मृदुला सांगते, त्या महिन्यात आम्ही भरपूर करपलेलं खाल्लं आणि स्वयंपाक शिकलो. ओसरीवरच्या त्या वाक्याबद्दल दोघींपैकी कुणी काही बोललं नाही. पण सकाळचा पहिला चहा उषावहिनी स्वतः करून जिजींना नेऊन देत, बशीत ओतून, त्यांना हवा तसा.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी पाळण्यात घातली आणि मग जिजी परत निघाल्या. उषावहिनी आणखी राहणार होत्या, लेकीनंच राहा म्हटलं होतं. जिजी एकट्या बसून आल्या. इंदूरला मी घ्यायला गेले होते. वाटलं, भेदरलेल्या असतील. त्या ढकलगाडी ढकलत, लोकांना बाजूला सारत आल्या आणि मला बघताच म्हणाल्या, "मला कळलं."

घड्याळाचं कोडं त्यांना परतीच्या विमानात सुटलं होतं. सिंगापूरला विमान सुटलं ती वेळ आणि मुंबईला उतरलं ती वेळ, मधे घड्याळात फक्त तीन तास गेले होते. "म्हणजे सासरी जाताना आठ, माहेरी येताना तीन," त्या म्हणाल्या. "हे कुणी ठरवलं माहीत नाही, पण बाईमाणसानं ठरवलं असणार."

त्या दिवसापासून लग्नाच्या बोलण्यांत हाच मुद्दा आला. दुबईचं स्थळ आलं, की त्या जरा विचारात पडत, कारण तिकडे हिशेब उलटा बसतो, जाताना झटकन आणि येताना वेळ खाऊन. पूर्वेकडच्या मुलांना त्यांनी उघड झुकतं माप दिलं. पीपलरावां गावातल्या एका शेतकरी कुटुंबाने मुलीसाठी टोकियोचं स्थळ ऐकून घेतलं ते केवळ जिजींमुळे. मुलीच्या आजोबांनी विचारलं, की इतक्या लांब कशाला. जिजींनी सांगितलं, जाताना लांब आहे, येताना नाही. आजोबांनी मान डोलावली. लग्न झालं.

जिजी गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. दुपारी जेवून पडल्या, चार वाजता मी चहाला हाक मारली, तर उठल्या नाहीत. आजारी त्या तेव्हाही पडल्या नव्हत्या. नोंद करायला मी नगरपालिकेच्या त्याच खिडकीवर गेले. तिथल्या नव्या मुलीनं नाव वाचलं आणि ती उठून उभी राहिली. तिचं लग्न जिजींनी जमवलेलं होतं.

पण मला त्या आठवतात त्याच्या आधी तीनेक आठवड्यांच्या, धारच्या. मृदुलाच्या मुलीचा पहिला वाढदिवस धारला केला होता. सिंगापूरहून सगळी आली होती, घर भरलेलं. पोरगी सकाळपासून माणसांना बघून रडत होती आणि अखेर जिजींच्या मांडीवर झोपली. जिजी भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या होत्या, पाय लांब केलेले. पानं मांडली, सगळ्यांनी बोलावलं, त्यांनी हातानंच नाही म्हणून सांगितलं. मृदुला मुलीला उचलायला आली, तर तिच्याकडे डोळे वटारून बघितलं. पायाला मुंग्या आल्या असणार, त्या मधूनमधून ओठ आवळत होत्या, पण मांडी हलू देत नव्हत्या. पदराच्या टोकानं पोरीच्या तोंडावरच्या माश्या वारत होत्या.

पंगत अर्धी झाल्यावर उषावहिनी त्यांचं पान वाढून घेऊन आल्या आणि समोर बसल्या. वरणभात कालवला, तूप मुरवलं आणि पहिला घास जिजींच्या तोंडाशी नेला. जिजींनी आजूबाजूला बघितलं, कुणी बघतंय का म्हणून. बघत सगळेच होते. त्यांनी मुकाट्यानं तोंड उघडलं. दुसरा घास, तिसरा घास. बोलणं शक्य नव्हतं, मूल उठलं असतं. तिसऱ्या घासानंतर त्यांनी पानातल्या लोणच्याकडे डोळ्यांनी खूण केली. उषावहिनींनी फोड उचलली, बोटांनी दाबून तिची बाठ काढून टाकली आणि उरलेला गर भाताच्या घासात लपवून त्यांना भरवला.